डच भाषेने जुने शब्दकोश एकमेकांना कसे जोडले?

फोनवर ‘सर्च’ केलं की शब्द सापडतो, एवढं आपण गृहीत धरतो. पण शब्दाचं स्पेलिंगच बदललेलं असेल तर?

डचमध्ये माणसाला म्हणतात ‘मेन्स’. आज तो ‘एस’वर संपतो, जुन्या पुस्तकांत त्यापुढे ‘सी-एच’ असायचं. त्याआधी अजून वेगळी रूपं. आजचं स्पेलिंग टाकलं की जुनी पानं गायब!

यावर लायडनमधल्या डच भाषा संस्थेचा उपाय मला इंजिनिअर म्हणून फार आवडला. त्यांच्याकडे काळानुसार वेगवेगळे कोश आहेत: इसवी सन ५०० ते १२०० चा वेगळा, तेराव्या शतकाचा वेगळा, असे आजपर्यंत. त्यातला सगळ्यात मोठा कोश १८६४ मध्ये छापायला लागला आणि १९९८ मध्ये संपला. म्हणजे १३४ वर्षं! (आपले प्रोजेक्ट दोन स्प्रिंट लांबले तरी मॅनेजर रडतो.)

त्यांनी कोशांचं नवं पुस्तक केलं नाही. प्रत्येक जुन्या नोंदीला आजचं रूप चिकटवलं आणि ‘गिगांट’ नावाच्या मध्यवर्ती डेटाबेसमध्ये सगळी रूपं आणली. कोशांतल्या जुन्या उतार्‍यांवर तारखा होत्याच, त्यामुळे कुठलं रूप कधीचं हेही कळतं. आता ‘मेन्स’ शोधा, जुनी रूपंही येतात.

खरी गोम पुढे आहे. डचमध्ये ‘बांक’ म्हणजे बाकडं आणि पैशांची बँकसुद्धा. म्हणून स्पेलिंगला की बनवून चालत नाही, प्रत्येक शब्दाला स्वतंत्र आयडी लागतो. आणि कुठली नोंद कुठल्या आयडीची, हे शेवटी भाषा जाणणार्‍या माणसालाच तपासावं लागतं.

आपल्याकडे हेच दुखणं आहे. मोल्सवर्थच्या कोशात माणसाचं ‘नांव’ अनुस्वारासह आहे आणि ‘नाव’ म्हणजे होडी. १९६२ च्या नियमांनी तो अनुस्वार काढला, दोन्ही शब्द सारखे दिसू लागले. कॉम्प्युटरला हे कोण सांगणार? मोल्सवर्थ, दाते-कर्वे, तुळपुळे-फेल्डहाउस हे कोश ऑनलाइन आहेत, म्हणजे कच्चा माल तयार आहे. पण शोधपेटी एक केली म्हणजे नोंदी जोडल्या गेल्या असं होत नाही.

डच बोलणारे साधारण अडीच कोटी. मराठी मातृभाषा असलेले २०११ च्या जनगणनेत ८.३ कोटी. त्यांच्या संस्थेला डच आणि फ्लेमिश सरकारांचा पैसा मिळतो, वर्षानुवर्षं. आपल्याकडे हॅकेथॉन होतात, दोन दिवसांचे.