वर्गांत बसविलें, पुढें काय?

मराठी शिकूं लागलेल्या मुलापुढें आपली लिपि मोठे चमत्कारिक पेंच टाकीत असते. ‘कि’ म्हणतांना ‘क’ आधीं उच्चारावा लागतो, पण वेलांटी मात्र त्याच्या डावीकडे, म्हणजे आधीं उभी. ‘सूर्य’ यांतील ‘र’ बोलावयाचा ‘य’ च्या आधीं. बसवावयाचा त्याच्या डोक्यावर. शिरोरेषा सलग राहिली तर ‘घ’ आणि ‘म’, ती तुटून गांठ पडली तर ‘ध’ आणि ‘भ’. बहुतेक मुलें हें सारें दोन-तीन वर्षांत नकळत पचवितात. कांहींना मात्र बुद्धि चांगली, डोळे व कान निर्दोष, घरीं शिकवणीहि चालू, असें सर्व असून तें साधत नाहीं. ऐकलेली गोष्ट तीं उत्तम सांगतात. तीच पुस्तकांतून वाचावयाला दिली कीं अडखळतात. या अवस्थेला अध्ययन-अक्षमता असें नांव आहे. आळसाशीं किंवा व्रात्यपणाशीं तिचा कांहीं संबंध नाहीं.

२००७ सालीं ‘तारे जमीन पर’ हा बोलपट पाहून डोळे पुसले नाहींत असें घर आमच्या वाचकवर्गांत क्वचितच सांपडेल. पण त्यानंतर वर्गांत काय पालटलें?

कायद्याच्या बाजूनें पाहतां कांहीं कमी नाहीं. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे ७ प्रकार होते व त्यांत या अक्षमतेचा समावेश नव्हता. २०१६ च्या कायद्यांत २१ प्रकार झाले, त्यांत ती आली, आणि अशा मुलांना इतरांबरोबर शिकविण्याचें बंधन शाळांवर पडलें. महाराष्ट्रानें तर १९९६ सालींच परीक्षेंत सवलती दिल्या होत्या. जादा वेळ द्यावा, शुद्धलेखनाच्या चुका धरूं नयेत, एका भाषेऐवजीं कार्यानुभवाचा विषय घेऊं द्यावा, बीजगणित-भूमितीच्या जागीं सातवीचें गणित चालावें, अशा त्या होत्या. हें सर्व योग्यच झालें. परंतु परीक्षा वर्षाच्या अखेरीस येते, आणि मूल वर्गांत रोज बसतें. जादा मिळालेल्या वेळांत त्याला वाचावयाला कोण शिकविणार?

सर्व दोष शिक्षकाच्या माथीं मारणें आम्हांस पसंत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्राथमिक शाळेंत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक धरले. पण शहरांतील कित्येक नामांकित शाळांतून एकाच बाईंपुढें पन्नास-पन्नास मुलें बसलेलीं आपण पाहतोंच. अभ्यासक्रम संपविण्याची घाई त्यांच्या मागें लागलेली. अशाहि स्थितींत फळ्यावर लिहिलेलें मोठ्यानें वाचून दाखवावें, पूर्वतयारी नसतांना मुलास सर्वांदेखत उभें करून वाचावयास लावूं नये, उत्तर तोंडीं घ्यावें, एवढें करण्यास कांहीं खर्च येत नाहीं. त्यापुढचें काम मात्र विशेष शिक्षकाचें. केंद्र सरकारनें २०२२ सालीं प्राथमिक वर्गांत अशा १० मुलांमागें १ व पुढील वर्गांत १५ मुलांमागें १ विशेष शिक्षक असें प्रमाण घालून दिलें. प्रत्येकच मुलाला दिवसभर सामान्य वर्ग मानवेल असा आमचा हट्ट नाहीं. खुणांच्या भाषेंत शिकणाऱ्या कर्णबधिर मुलाची गरज निराळी. म्हणूनच ठराविक प्रमाणाचें अपंगत्व असलेल्या मुलांना जवळची शाळा अथवा विशेष शाळा निवडण्याची मुभा २०१६ च्या कायद्यानें ठेविली आहे.

आतां घरचें. आमच्या पांढरपेशा घरांतून पाठांतराचा व गुणांचा अभिमान पिढीजात. त्यामुळें शिक्षिकेनें तपासणी सुचविली कीं पहिलें उत्तर ठरलेलें: “आमच्या घराण्यांत असें कोणी नाहीं.” मग दोन शिकवण्या, चार चापट्या आणि आत्येभावाशीं तुलना! मुलीच्या बाबतींत तर पुढें स्थळें येतांना हा कागद आड येईल, या भीतीनें तपासणीच होत नाहीं. दहावी जवळ आली म्हणजे धांवपळ करून दाखला मिळवितात. पण तोंपर्यंत ‘मी मठ्ठ आहें’ हें त्या मुलानें मनाशीं पक्कें केलेलें असतें. सात-आठ वर्षांच्या वयांत जें काम पुष्कळ सुलभ असतें, तें पंधराव्या वर्षीं फार अवघड होऊन बसतें.

दुसरी तक्रार हुषार मुलांच्या आईबापांची. “या एका मुलापायीं आमच्या मुलांचा खोळंबा होतो,” असें पालकसभेंत उघड बोललें जातें, आणि त्याच रात्रीं घरीं समतेवर चर्चा रंगते! वस्तुतः सावकाश वाचून दाखविलेला फळा, सुटसुटीत प्रश्न आणि तोंडीं उत्तरांची संवय यांनीं हुषार मुलांचें नुकसान कसें होतें, हें आम्हांस आजवर कोणी समजावून दिलेलें नाहीं. खोळंबा होतो तो बाई एकट्या असतात म्हणून. पालकांना सभेंत विचारावयाचेंच असेल तर हें विचारावें: शाळेंत विशेष शिक्षक आहे काय? तो किती मुलांमागें आहे? तो रोज येतो, कीं आठवड्यांतून एखादा तास सांपडला तरच?