चाळिशीतला विद्यार्थी आणि त्याचे सोबती



"या वयात आता शिकून काय करणार?" हा प्रश्न आपल्या वस्तीत अजूनही कानावर येतो. विचारणारा बहुधा घरचाच असतो, म्हणून तो जास्त लागतो. बिगारीत, हमालीत, धुण्याभांड्यात निम्मे आयुष्य गेलेले माणूस हाती एखादा हुन्नर यावा म्हणून पुन्हा वही-पेन घेते, तेव्हा अभ्यासापेक्षा या प्रश्नाचेच ओझे त्याला अधिक होते.

नियमात वयाची आडकाठी नाही. आयटीआयच्या प्रवेशाला किमान १४ वर्षे वय लागते, वरची मर्यादा नाही. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, फिटर आणि इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. शाळा अर्धवट सुटली असेल, तर जन शिक्षण संस्थानचे छोटे अभ्यासक्रम आहेत. १९६७ साली मुंबईत श्रमिक विद्यापीठ या नावाने त्यांची सुरुवात झाली. निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा सोडलेल्या १५ ते ४५ वयाच्या माणसांना तिथे शिकता येते.

दार उघडे आहे. कठीण आहे ते शेवटपर्यंत टिकणे. आयटीआयच्या परीक्षेला बसायचे तर ८० टक्के हजेरी लागते. महिन्यात २५ दिवस वर्ग भरला, तर २० दिवस हजर राहिलेच पाहिजे. उरले पाच दिवस. त्यात लेकराचा ताप, गावाकडचे लग्न, कुणाची मयत आणि आदल्या रात्रीची पाळी, सगळे बसवायचे. तरुण पोराचा खाडा झाला तर घरचे रागावतात. संसारी माणसाचा खाडा झाला तर घरचेच म्हणतात, "बरे झाले, आज घरी राहिलात." असे चार खाडे झाले की पाचव्या दिवशी जायची लाज वाटू लागते आणि पुढे नाव सुटते.

अशा वेळी धरून ठेवतो तो वर्गातला सोबती. फिटरच्या वर्गात एकाच टेबलावर एकोणीस वर्षांचा मुलगा आणि चाळीस वर्षांचा गृहस्थ शेजारी उभे असतात. मुलगा त्यांना काका म्हणतो. काकांच्या मनगटात जोर आहे, लोखंड कुठे दाद देते आणि कुठे देत नाही हे त्यांना हाताने कळते. कानस सपाट कशी चालवायची ते मुलगा त्यांच्याकडे बघून शिकतो. पण व्हर्नियर कॅलिपर हातात आले की काका थबकतात. मग मुलगा समजावतो : मुख्य पट्टीवर २४ मिलिमीटर झाले, सरकत्या पट्टीची पंधरावी रेघ वरच्या रेघेशी जुळली, एका रेघेचे ०.०२, म्हणून पंधरांचे ०.३०, माप झाले २४.३० मिलिमीटर. मुलाच्या वयाच्या पोराकडून दशांश शिकायला काकांना मन मोठे करावे लागते. आणि काकांना चार वेळा सांगताना न हसणे, हे मुलालाही शिकावे लागते. ही देवाणघेवाण कुठल्या पुस्तकात नाही, पण वर्ग तिच्यावरच चालतो.

या धंद्यांत सोबत म्हणजे नुसता गप्पांचा विरंगुळा नसतो. वेल्डिंगचा आर्क पेटवण्याआधी शेजाऱ्याला हाक द्यावी लागते. काचेआड न जाता त्याने त्या उजेडाकडे पाहिले, तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. विजेच्या कामावर एकाला शॉक बसला, तर दुसऱ्याने त्याला उघड्या हाताने ओढायचे नाही, आधी मेन स्विच बंद करायचा. म्हणून सोबत्याचे लक्ष कामावर हवे. आज आपण त्याच्याकडे पाहायचे, उद्या त्याने आपल्याकडे. असा विश्वास बसला की खाडा झालेल्याच्या घरी संध्याकाळी कुणीतरी वही घेऊन जातेच.

कष्टकरी माणसाने मोठेपणी शिकावे, ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली मुंबईत सुरू झाले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले गेले. विद्यार्थ्याच्या पोटापाण्याची वेळ ओळखून वर्गाची वेळ ठरवली गेली. आज संस्थेची वेळ आपल्या हातात नसेल, घरातली वेळ तर आहे.

म्हणून घरच्यांना दोन शब्द. कारभारी शिकायला जात असतील, तर परीक्षेच्या महिन्यातली पाहुण्यांची कामे पुढे ढकला. आणि शिवणकामाच्या वर्गाला घरातली बाई जात असेल, तर संध्याकाळचा स्वयंपाक नवऱ्याने आणि मोठ्या मुलाने उरकावा. तिच्या मैत्रिणी घरी बोलवायला आल्या, तर "आज जमणार नाही" हे दारातूनच सांगून त्यांना परत पाठवू नका. काय ते तिला ठरवू द्या.

शिकणाऱ्यांनीही एवढे करावे : पहिल्याच आठवड्यात दोघा-तिघांची टोळी करावी, एकमेकांचा पत्ता आणि फोन लिहून घ्यावा, आणि लागोपाठ दोन दिवस एखादा दिसला नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याचे घर गाठावे. जाताना वही न्यावी. "का आला नाहीस?" हे नंतर विचारावे. आधी "उद्या किती वाजता निघायचे?" एवढेच विचारावे.