मायनस ४० मिनिटे

शाळकरी मुलांच्या डोळ्यांची काळजी म्हणून त्यांच्या चष्म्याच्या काचा बदलायच्या आणि त्याच कागदावर त्यांचा उन्हात जाण्याचा तास रद्द करायचा, हा शालेय प्रशासनाचा नवा पराक्रम या आठवड्यात जयपूरच्या जवाहर नगरातून समोर आला आहे. संक्रांतीच्या सुट्टीनंतर तेथील एका खासगी शाळेने पालकांना पाठवलेल्या परिपत्रकात दोन कलमे आहेत. पहिल्यानुसार सहावी ते आठवीचे खेळाचे तास, प्रत्येकी ४० मिनिटांचे, वार्षिक परीक्षा होईपर्यंत उजळणीसाठी वापरले जातील. दुसऱ्यानुसार मुलांच्या डोळ्यांची मोफत तपासणी होईल आणि ज्यांना नंबर निघेल त्यांना ‘ब्लू कट’, म्हणजे मोबाइल-संगणकाच्या पडद्यावरून येणारा निळा प्रकाश गाळणाऱ्या, काचांचा चष्मा सवलतीत मिळेल. शाळेचे नाव देण्याचे कारण नाही, कारण असली परिपत्रके पुण्यात आणि लातुरातही निघतात. मात्र जानेवारीतले जयपूरचे ऊन इतके कोवळे असते की उष्म्याची नेहमीची सबबही या वेळी हाताशी नव्हती.

घरोघरी ज्याला ‘मायनस नंबर’ म्हणतात तो लघुदृष्टिदोष, म्हणजेच मायोपिया, हा मुळात डोळ्याच्या लांबीचा प्रश्न आहे. जन्मतः साधारण १७ मिलिमीटर लांबीचा असलेला नेत्रगोल प्रौढपणी २४ मिलिमीटरच्या आसपास थांबतो. तो तेथे न थांबता वाढत राहिला तर दूरच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, न पडता त्याच्या अलीकडेच पडते, आणि मग वही स्वच्छ दिसते पण फळा धूसर होतो. एका मिलिमीटरच्या जादा वाढीने अडीच ते तीन डायॉप्टरचा नंबर येतो (डायॉप्टर हे भिंगाची शक्ती मोजण्याचे एकक होय), आणि एकदा लांबलेला गोल पुन्हा आखूड होत नाही. चष्मा प्रतिमा जागेवर आणतो, डोळा नव्हे. नंबर सहाच्या पुढे गेला की ताणलेले दृष्टिपटल फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका वाढतो, म्हणूनच नंबर कोणत्या वयात लागतो याला महत्त्व आहे: आठव्या वर्षी लागलेल्या नंबराला वाढायला चौदाव्या वर्षी लागलेल्या नंबरापेक्षा सहा वर्षे अधिक मिळतात.

परिपत्रकाच्या दोन कलमांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे समजण्यासाठी कॅथरिन रोझ, इयन मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ‘आर्काइव्ह्ज ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेली एकच तुलना पुरेशी आहे. सिडनी आणि सिंगापूर या दोन शहरांतली सहा-सात वर्षांची मुले त्यांनी तपासली, आणि दोन्हीकडची मुले चिनी वंशाचीच घेतली, म्हणजे वंशाचा फरक आधीच बाजूला पडला. सिंगापुरात २९.१ टक्के मुलांना मायनस नंबर निघाला, सिडनीत ३.३ टक्के मुलांना. आई-वडिलांपैकी निदान एकाला नंबर असण्याचे प्रमाण सिंगापुरात ७१ टक्के आणि सिडनीत ६८ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते. तेव्हा ‘आमच्या घराण्यातच चष्मा आहे’ हे पालकसभेतले ठरलेले उत्तर येथे चालत नाही. त्याहून अडचणीची गोष्ट अशी की सिडनीची मुले सिंगापूरच्या मुलांपेक्षा आठवड्याला अधिक पुस्तके वाचत होती आणि डोळ्यांजवळ धरून करायची कामे एकूणातही अधिक करत होती. वाचून वाचून डोळे जातात, हे आजीपासून हेडमास्तरांपर्यंत सर्वांनी सांगितलेले सत्य एवढे सरळ असते तर आकडे उलटे यायला हवे होते. मोबाइललाही येथे दोषी धरता येत नाही, कारण ही मोजणी झाली तेव्हा सहा वर्षांच्या मुलाच्या हाती स्मार्टफोन आलेला नव्हता.

डोळ्यांत भरण्याजोगा फरक निघाला तो वेगळ्याच रकान्यात. सिडनीचे मूल आठवड्याला १३.७५ तास घराबाहेर, उघड्यावर असे. सिंगापूरचे मूल ३.०५ तास. दिवसाचा हिशेब केला तर एकीकडे जवळपास दोन तास आणि दुसरीकडे २६ मिनिटे. आई-वडील तेच, वंश तोच, पुस्तके उलट जास्त, आणि तरीही नंबर नऊपट कमी, ही गोष्ट ज्या मुख्याध्यापकाला अस्वस्थ करत नाही त्याला कोणतीही आकडेवारी अस्वस्थ करणार नाही. तुलनेच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत: सिंगापूरची ६२८ मुले होती तर सिडनीची अवघी १२४, पाहणी एका वेळच्या छायाचित्रासारखी होती, आणि सिंगापुरात शाळापूर्व वयापासून अभ्यासाचा जो दाब असतो तोही एक कारण असू शकेल, असे लेखकांनी स्वतःच सुचवले होते. पण ही शेवटची शंका खरी मानली तरी ती परिपत्रकाच्या मदतीला येत नाही. खेळाचा तास कापून उजळणी लावणारी शाळा दोन्ही बाजूंनी सिंगापूरच्याच वाटेवर असते. जयपूरला ऊन सिडनीचे मिळाले आहे, वेळापत्रक मात्र सिंगापूरचे हवे आहे.

‘उघड्यावर’ या शब्दाचा अर्थ येथे व्यायाम असा घ्यायचा नाही. सिडनीतच झालेल्या दुसऱ्या, मोठ्या पाहणीत बंदिस्त जागेतल्या खेळांचा डोळ्यांना फायदा दिसला नाही. फायदा दिसला तो छताबाहेर असण्याचा, मग मूल धावत असो की नुसते कट्ट्यावर बसलेले असो. कारण प्रकाशाच्या प्रमाणात आहे. एखाद्या पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो हे ‘लक्स’ या एककात मोजतात. चांगल्या वर्गखोलीत ३०० ते ५०० लक्स असतात, दिवसा झाडाच्या सावलीत काही हजार, आणि भर उन्हात एक लाखाच्या घरात. तीव्र प्रकाशात दृष्टिपटलातून डोपामिन हे रसायन अधिक स्रवते आणि ते नेत्रगोलाच्या वाढीला लगाम घालते, असे मुख्यतः कोंबडीच्या पिलांवरील प्रयोगांतून दिसले आहे. म्हणजे मे महिन्यातही सकाळी आठला कडुनिंबाखाली वर्ग भरवला तर काम भागते. त्यासाठी मुलांना दुपारी उन्हात उभे करण्याची शिक्षा द्यावी लागत नाही.

पाहणीवरून प्रयोगाकडे गेले तर आकडे नम्र होतात, पण दिशा बदलत नाही. चीनमधील ग्वांगझू शहरातल्या १२ प्राथमिक शाळांपैकी सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर काढले गेले; २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत तेथे ३०.४ टक्के मुलांना नव्याने नंबर लागला, उरलेल्या सहा शाळांत ३९.५ टक्के मुलांना. नेत्रगोलाच्या लांबीतला फरक मात्र अगदी थोडा होता, आणि ज्यांना आधीच नंबर आहे त्यांचा तो रोखण्यात उन्हाचा उपयोग तितकासा सिद्ध झालेला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीही योगायोग पाहण्याजोगा आहे: ग्वांगझूने जेवढा वेळ वेळापत्रकात घातला, तेवढ्याच लांबीचा तास जवाहर नगरात वेळापत्रकातून काढला गेला. निळा प्रकाश गाळणाऱ्या काचांबद्दल एवढेच पुरे की १७ चाचण्यांचा आढावा घेऊन कॉक्रेन संस्थेने २०२३ मध्ये त्या काचांनी डोळ्यांचा थकवाही बहुधा कमी होत नाही असे म्हटले आहे, आणि निळ्या प्रकाशाचा सर्वांत मोठा स्रोत पडदा नसून आकाश आहे.

भारतातले आकडे या चौकटीत सहज बसतात. पुणे जिल्ह्यातील शाळांची पाहणी एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा शहरी मुलांत मायनस नंबर ३.१६ टक्के आणि ग्रामीण मुलांत १.४५ टक्के होता. शहर-खेड्यातला हा फरक जुनाच आहे: जर्मन नेत्रवैद्य हेरमान कोहन यांनी ब्रेसलाउ शहरात दहा हजारांवर विद्यार्थी तपासून १८६७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले तेव्हाही खेड्यातल्या शाळांत १.४ टक्के आणि वरच्या इयत्तांच्या शहरी विद्यालयांत २६.२ टक्के अशीच चढती भाजणी निघाली होती. जयपूरला जवळच्या दिल्लीत ‘एम्स’च्या नेत्रविभागाने ९,८८४ मुले तपासली (निष्कर्ष २०१५ मध्ये आले), १३.१ टक्के मुलांना मायनस नंबर होता, सरकारी शाळांपेक्षा खासगी शाळांत अधिक, आणि दिवसाला दोन तासांपेक्षा अधिक खेळणाऱ्यांत कमी. पाच तासांहून अधिक वाचन-अभ्यास करणाऱ्यांत तो जास्त निघाला, म्हणजे दिल्लीचे पुस्तक सिडनीच्या पुस्तकाइतके निर्दोष ठरले नाही; पण दिल्लीत पाच तासांचा अभ्यास बाहेर अंगणात बसून कोण करतो? नंबर असलेल्यांपैकी योग्य चष्मा वापरणारी मुले जेमतेम पाव होती.

जवाहर नगरात चष्मा मिळण्या-न मिळण्याची ही दोन्ही टोके एका रस्त्याच्या अंतरावर राहतात. राजा पार्ककडच्या अंगाला क्रमांकांचे सेक्टर आणि गेटबंद बंगले, तर झालाना डोंगराच्या पायथ्याशी कच्ची बस्ती. एकीकडे चष्मा तिसरीतच लागतो आणि दुसरीकडे फळा दिसत नसलेल्या मुलाला ‘अभ्यासात कच्चा’ म्हणून मागच्या बाकावर ढकलले जाण्याची भीती असते. योगायोगाने जवाहर नगर नावाची वसाहत राजस्थानातल्याच कोटा शहरातही आहे, आणि ती शिकवणीसाठी आलेल्या मुलांच्या वसतिगृहांनी भरलेली आहे. लातूर पॅटर्नच्या मुशीतून निघालेली मराठी मुलेही कोट्याला पोहोचतात, पण तोवर सोळावे वर्ष उजाडलेले असते आणि डोळ्यांचे नुकसान बहुतेक होऊन गेलेले असते. त्याची सुरुवात सहावीच्या ‘फाउंडेशन कोर्स’मध्ये आणि रद्द झालेल्या खेळाच्या तासात होते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शाळेला मैदान असावे असे लिहिले आहे. त्या मैदानावर मुले असावीत, असे लिहायचे राहून गेले.

या स्तंभाचे जुने वाचक आता ‘स्मार्ट क्लास’वरच्या नेहमीच्या टीकेची वाट पाहत असतील, त्यांना निराश करणे बरे नाही. भिंतीवरच्या उजळ पडद्यावरचे चित्र नीट दिसावे म्हणून खिडक्यांचे पडदे ओढले जातात, ट्यूबलाइट विझवल्या जातात, आणि चांगल्या वर्गातले ३०० लक्सही ५०-६० वर येत असतील. ओढलेल्या पडद्यांमुळे चष्मा लागतो असा पुरावा कोणाकडेही नाही, या स्तंभाकडेही नाही. तरीही जयपूरसारख्या शहरात, जेथे सवाई जयसिंगाने केवळ सूर्याची वेळ मोजण्यासाठी सुमारे २७ मीटर उंचीचे सम्राट यंत्र दगडात बांधून घेतले, तेथे सूर्यमालेचा धडा खिडक्या बंद करून शिकवला जावा, हे कोणत्याही पुराव्याशिवाय हास्यास्पद आहे. त्या यंत्राच्या कमानीवर सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. खेळाच्या एका तासात ती अडीच मीटरच्या आसपास सरकलेली असते, आणि ती पाहायला शाळेचा वर्ग तेथे नेण्याइतकी उजळणी दुसरी नाही.

जवाहर नगरातली हीच मुले संक्रांतीला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गच्चीवर होती. बोटाला मांज्याचे चिरे, मागे चरखी धरलेले धाकटे भावंड, नजर शे-दोनशे फुटांवर डोलणाऱ्या कागदाच्या तुकड्यावर, आणि पेच लागला की चारही गच्च्यांवरून ‘वो काटा’चा गजर. जवळचे पाहताना डोळ्यातला जो स्नायू आवळलेला असतो तो दूर पाहताना सैल सुटतो, त्या सुटकेचा आणि जानेवारीच्या उन्हाचा असा दुहेरी दिवस शहराच्या पंचांगात वर्षातून एकदा येतो, आणि एका दिवसाने नंबर थांबत नाही. दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघाले. नेत्रतपासणीचे शिबिर येत्या शुक्रवारी दुपारी बारा वाजता शाळेच्या सभागृहात आहे. जुन्या वेळापत्रकात त्या वेळी सातवीचा खेळाचा तास असे.