माळ घातलेला ट्रॅक्टर

आमच्या मांगरातल्या ट्रॅक्टरला ओळीने आठ दसरे माळ पडली. आई पाणी शिंपडून हळद-पिंजर लावायची, मी रोजांची माळ बॉनेटवर बांधायचो, धाकटा भाऊ चाकापुढे नारळ फोडायचा. दसऱ्याची अवजारांची पूजा चुकवायची नाही हा बाबांचा शिरस्ता आम्ही त्यांच्यामागेही पाळला. ट्रॅक्टर मात्र त्या आठ वर्षांत एकदाही सुरू झाला नव्हता.

हे लिहिताना थोडी लाज वाटते, पण आपल्या गावांतून एकदा फिरून पाहा. माडाच्या बुडाशी, गोठ्याच्या पडवीत, फाटक्या ताडपत्रीखाली असे कितीतरी पॉवर टिलर आणि छोटे ट्रॅक्टर बसलेले दिसतील. कुणाचे वडील गेले, कुणाचा मुलगा बोटीवर गेला, कुणाला चालवायला माणूस मिळेना. यांतले बरेचसे मेलेले नाहीत, आपणच त्यांना मेले समजून बसलो आहोत, असे माझे मत झाले आहे. हे मत मी दोन महिने हात काळे करून मिळवले आहे. मी सरकारी कचेरीतला कारकून, मराठी घेऊन बी.ए. झालेला. पान्यावरचा आकडा कशाचा असतो हेही मला नीट ठाऊक नव्हते. तेव्हा जाणकारांना हसू आले तर त्यांनी खुशाल हसावे.

बाबांनी हा ट्रॅक्टर २००६ साली घेतला. साडेअठरा अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा, मूळ जपानी आराखड्याचा आणि बंगळूरला तयार झालेला. डिचोली तालुक्यातली आमची शेती म्हणजे मेरांनी तुटलेले लहान लहान कुणगे. घाटावर दिसतो तसला थोराड ट्रॅक्टर इथे वळवायला गेलात तर आधी मेर फुटेल. हा ठेंगणा गडी मात्र चिखलात उतरायचा, वळायचा, आणि संध्याकाळी नळाखाली धुऊन घेतला की मांगरात आपल्या जागी उभा राहायचा. २०१७ साली बाबा गेले. पुढची काही वर्षे आम्ही भाड्याच्या टिलरवर सरद काढला. मग टिलरवाला वेळेवर येईना, एका वर्षी लावणीच चुकली, आणि एकदा चुकलेली लावणी पुढल्या वर्षीही चुकायला फारसे निमित्त लागत नाही.

शेत पडीक टाकले की त्रास एकट्या मालकाला होत नाही. आमच्या कुणग्यांत माणसाच्या उंचीचे गवत माजले, मेर ढासळली, त्यामुळे खालच्या शेतांत पाणी ठरेना. रानडुकरांना तर हक्काचे घरच मिळाले. शेजारचे काका एके दिवशी दारात उभे राहून म्हणाले, "तुमचें शेत दुकरांक दिलां काय?" यावर उत्तर नव्हते. भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर आपल्याकडे २०२३ च्या कायद्याने निर्बंध आले, ते बरेच झाले. पण विक्री अडली म्हणून शेत आपोआप कसले जात नाही, हे आमच्याच दारात सिद्ध झाले होते.

भावाचे म्हणणे सरळ होते. हा भंगारात घालूया आणि अनुदानावर नवा घेऊया. त्याचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. त्याला हिशेब कळतो. पण माझ्या नोकरीने मला एक वेगळीच गोष्ट शिकवली आहे. कचेरीत नवीन वस्तू घ्यायची फाईल कशी हलते ते मी पाहिले आहे. वस्तू मोडली की ती कंडेम करून डेड स्टॉक रजिस्टरातून काढण्याचीही एक रीत ठरलेली आहे. सगळ्यांत अवघड असते ती दुरुस्तीची फाईल. दोनशे रुपयांच्या भागासाठी तीन कोटेशन्स मागवावी लागतात, तो भाग कोणता हे लिहून द्यायला कुणी तयार नसते, आणि शेवटी साहेब म्हणतात, "सोडा हो, नवीनच मागवू." माझ्या हातूनच अशा कितीतरी खुर्च्या, पंखे आणि छपाईयंत्रे रजिस्टरातून गेली आहेत. घरातही आपण तेच करत आहोत हे भाऊ बोलला तेव्हा खटकले. त्याला म्हटले, वायंगणापर्यंत मुदत दे. नाही जमले तर भंगारवाल्याला मीच बोलावीन.

२०२४ च्या दिवाळीनंतर काम सुरू केले. इंजिनाने फारसा छळ केला नाही. पुलीच्या नटाला पाना लावून आधी ते हाताने फिरवून पाहिले, फिरले. जुने डिझेल काढून टाकी धुतली, फिल्टर बदलले, इंजिन ऑइल बदलले, एअर क्लीनरमधले उंदराचे घरटे काढले, नवी बॅटरी घातली आणि डिझेलच्या नळीतली हवा स्क्रू सैल करून बाहेर काढली. तिसऱ्या खेपेला धडधडत सुरू झाला. आई बाहेर येऊन पडवीत उभी राहिली. काही बोलली नाही.

पण लिफ्ट उचलेना.

ज्यांचा ट्रॅक्टरशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ट्रॅक्टरच्या मागे खाली दोन आणि वर एक असे तीन दांडे असतात आणि त्यांना अवजार अडकवतात. ही तऱ्हा उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनची. १९३९ साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर बसली आणि तिथून जगभर गेली. त्यापूर्वी नांगर मागून नुसता ओढला जायचा, आणि तो दगडाला अडला की ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकावर उलटण्याची भीती असायची. फर्ग्युसनने अवजार ट्रॅक्टरच्याच अंगाचा भाग केले आणि ते वर-खाली करण्याचे काम तेलाच्या दाबावर सोपवले. इंजिनावर चालणारा एक छोटा पंप खालून तेल ओढतो आणि दाबाने एका सिलिंडरात लोटतो. तिथला दट्ट्या सरकतो, दांडे वर येतात. दीडशे किलोच्या घरातला रोटाव्हेटर एका बोटाने लिव्हर ओढली की उचलला जातो. ही लिफ्ट नसेल तर आमच्यासारख्या कुणग्यांत ट्रॅक्टर निकामीच, कारण दर वळणाला आणि दर मेरेवर अवजार उचलावे लागते.

एका दुकानात विचारले. ट्रॅक्टर न बघताच सांगितले गेले की पंप गेला, जमल्यास लिफ्टचा सगळा संचच बदला. किंमत माझ्या निम्म्या पगाराहून अधिक. घरी येऊन भावाला सांगितले तेव्हा तो फक्त हसला.

मग कुणीतरी साखळीच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या मेस्ताचे नाव सुचवले. नाव इथे देत नाही, त्यांना ते आवडणार नाही. उमेदीची वर्षे त्यांनी खाणींच्या ट्रकांवर काढलेली. मातीचा ट्रक मागून उचलतो तोही तेलाच्या दाबावरच. ट्रॅक्टरची लिफ्ट आणि टिपरची लिफ्ट, घराणे एकच. ते आले, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि पहिल्यांदा तेलाची पट्टी काढायला सांगितली. पट्टीवर जे आले ते दुधाळ, तपकिरी. "बाब, हें तेल काय च्या?"

आमच्या ट्रॅक्टरात गिअरचे आणि लिफ्टचे तेल एकच असते. गिअरच्या दांड्याखालचे रबर फाटले होते आणि मांगराच्या गळक्या कवलांतून नेमके तिथेच पाणी ठिबकत होते. आठ पावसाळे! आपल्याकडचा पाऊस काय असतो ते सांगायला नको. खालचा बोल्ट काढला तेव्हा आधी गढूळ पाणीच आले, मागून ते चहासारखे तेल. मग पंपाच्या अलीकडची जाळी काढली. ती गाळाने अशी लिंपली होती की तिच्यातून उजेडही दिसेना. मेस्त म्हणाले, "पंप बरो आसा. ताका उस्वास घेवंक मेळना."

जाळी डिझेलने धुतली, नवीन तेल घातले. लिफ्ट उचलली, पण थरथरत, आणि पंप कण्हल्यासारखा आवाज करू लागला. इथे मेस्तांनी मला जे सांगितले ते मला सगळ्यांत मोलाचे वाटले. पंपाच्या पुढे दाब असतो, तिथे गळती झाली तर तेल बाहेर येते आणि आंधळ्यालाही कळते. पंपाच्या मागे ओढ असते. तिथे गळती असेल तर तेलाचा थेंबही बाहेर दिसत नाही, उलट हवा आत जाते. आपण बाहेरून पुसून पाहतो, सगळे कोरडे, म्हणून पंपाला दोष देतो. ओढीच्या नळीच्या सांध्यातली ओ-रिंग काढली तर ती रबराची नव्हे, काचेची असल्यासारखी तुटली. नवी घातली, कण्हणे थांबले. तेलात पाण्याचा अंश राहिलाच असणार म्हणून काही तास चालवून ते तेलही काढून टाकले. खर्चात सर्वांत मोठा आकडा या दोनदा घातलेल्या तेलाचाच आहे.

तरी एक दुखणे उरले. इंजिन बंद केले की उचललेला रोटाव्हेटर पाच मिनिटांत जमिनीला टेकायचा. मी कुठेतरी ऐकले होते की रिलीफ व्हॉल्व्ह आवळला की लिफ्टला जोर येतो. पाना घेऊन वाकलो तोच मेस्त ओरडले, "ताका हात लावचो न्हय!" तो व्हॉल्व्ह दाब मर्यादेबाहेर गेला तर तेलाला वाट करून देण्यासाठी असतो. तो आवळून लिफ्टचे दुखणे बरे होत नाही, उद्या नळी किंवा सिलिंडर फुटतो. दुसऱ्यांदा ओरडले ते मी उचललेल्या रोटाव्हेटरखाली हात घातला तेव्हा: "हात काड थंयसून!" त्यानंतर खाली लाकडाचे ठोकळे लावल्याशिवाय मी जवळ गेलो नाही.

लिफ्टचे वरचे झाकण काढले. दट्ट्याच्या खाचेत दोन कडी असतात, एक मऊ ओ-रिंग आणि तिला टेकू देणारे एक कडक कडे. तेलाचा दाब ज्या बाजूने येतो तिकडे ओ-रिंग, तिच्या पाठीमागे टेकू. आमच्याकडे ती उलटी बसवलेली होती, म्हणजे बाबांच्या वेळी कधीतरी कुणीतरी घाईने काम उरकले असावे. ओ-रिंग चेपून चपटी झालेली. सिलिंडरच्या आत गंजाची बारीक खूण होती, ती पॉलिश पेपराने हलक्या हाताने घासली. सगळ्या ओ-रिंगांचे बिल झाले दोनशे चाळीस रुपये.

मला राहून राहून वाटते ते असे की, यंत्राला लागलेला माल दोनशे चाळीस रुपयांचा होता, आणि तो कुठे कसा घालायचा हे ठाऊक असलेला माणूस मात्र शोधून काढावा लागला. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. खाणींनी आमच्या नद्यांचे आणि शेतांचे काय केले ते मी विसरलेलो नाही, आणि त्या दिवसांसाठी मला गळा काढायचा नाही. पण त्या काळात डिचोली-साखळी पट्ट्यात पाना हाती धरणारी एक पिढी तयार झाली होती. ट्रक विकले गेले, गॅरेजे बंद झाली, मेस्तलोक घरी बसले किंवा भलत्याच धंद्याला लागले. त्यांची विद्या कुठल्या वहीत नाही. आमच्या मेस्तांचा मुलगा हॉटेलात आहे, बरा पगार आहे, त्याला नावे ठेवण्याचा मला काय अधिकार? मी तरी कुठे बाबांकडून काही शिकलो?

नवीन यंत्रावर अनुदान मिळते. मिळावेच, माझा त्याला विरोध नाही. पण माझ्या पाहण्यात आलेल्या अर्जांवर जुन्या यंत्राच्या दुरुस्तीचा रकाना कधी दिसला नाही. गावच्या पंचायतीने वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, अशा दोन म्हाताऱ्या मेस्तांना मानधन देऊन बसवावे आणि बंद पडलेली यंत्रे तिथे आणावीत, सोबत आयटीआयची चार मुले उभी करावीत. नव्या ट्रॅक्टरच्या एका अनुदानात अशी किती शिबिरे होतील याचा हिशेब कुणीही कारकून करून देईल. सगळीच यंत्रे उठतील असे नाही. आमच्या शेजारच्या वाड्यावरचा एक टिलर मेस्तांनी पाहिला, इंजिनाचा ब्लॉकच तडकला होता. त्यांनी सरळ सांगितले, भंगारात घाला. तेही कुणीतरी जाणत्याने सांगावे लागतेच की. आणि हेही कबूल करतो, माझ्या दोन महिन्यांच्या रविवारांची मजुरी धरली तर माझा हिशेब भावाच्या हिशेबापुढे तितकासा स्वस्त ठरत नाही.

त्या वर्षी वायंगण थोडे उशिरा, पण झाले. निम्मेच शेत पेरले, उरलेल्यातले गवत काढता काढता दमलो. २०२५ चा सरद मात्र सगळ्या कुणग्यांत लावला. डुकरांनी त्यातलाही आपला वाटा घेतलाच. लिफ्ट अजून रात्रभरात दोन बोटे खाली येते. मेस्त म्हणतात, एवढे चालायचेच, सिलिंडरही म्हातारा आहे. ओ-रिंग कुठल्या बाजूला आणि टेकू कुठल्या बाजूला याचे चित्र त्यांनी कोळशाने मांगराच्या भिंतीवर काढून दिले होते, ते मी वहीत उतरवून घेतले. कवले अजून बदललेली नाहीत, तूर्त ट्रॅक्टर दोन हात अलीकडे घेऊन उभा करतो. भाऊ अजून मानायला तयार नाही, पण परवा तेलाची पट्टी काढून पाहताना मी त्याला पकडले.