दहावीपुरती सवलत

चारचौघांसारखा राहा, हा उपदेश आपल्या घराघरांत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. तो देणाऱ्यांच्या मनात माया असते; पण त्या मायेतली दहशत आपण कधी तपासली नाही. ज्याला वाचताना अक्षरे जुळवता येत नाहीत तो आपल्या लेखी मठ्ठ, ज्याला गोंगाट सोसवत नाही तो माणूसघाणा, जिचे लक्ष एका जागी ठरत नाही ती वेंधळी. ही मेंदूच्या घडणीतली भिन्नता आहे, हे सिद्ध होऊन काळ लोटला, तरी आपली भिस्त छडीवरच राहिली. महाराष्ट्राने १९९६ पासून अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती देऊ केल्या. तेवढ्याने आपण कृतकृत्य झालो. ही मुले पुढे कुठे गेली, हे विचारलेच नाही.

मुलाखतीची खोली डोळ्यांसमोर आणा. समोर तिघे वरिष्ठ, डोक्यावर करकरणारा पंखा, मध्येच दार ढकलून येणारा चहा. स्वमग्न तरुण हिशेबाच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर अचूक देतो, पण टेबलाच्या कडेकडे पाहत. ‘स्वतःविषयी काहीतरी सांगा’ म्हटल्यावर मात्र तो थबकतो, कारण नेमके काय सांगायचे हे त्याला कळत नाही. शेरा पडतो : आत्मविश्वास कमी. जागा हिशेबनिसाची होती. आपण त्याची नजर तपासली. नोकरी लागलीच, तर साहेब जाता जाता चार कामे तोंडी सांगतात, तिसरे राहून गेले की सर्वांदेखत विचारतात, ‘किती वेळा सांगायचं तुला?’ तीच कामे कागदावर लिहून दिली असती, बसायची जागा दारापासून दूर दिली असती, तर पैचाही खर्च नव्हता. हा अपमान डोळ्यांदेखत होताना आपण मान खाली घालून फायली चाळत असतो. म्हणूनच आईबाप निदानाचा कागद कपाटात दडवतात. धाकटीचे लग्न जमायचे असते. मुलगा दिवसभर चारचौघांसारखे वागण्याचे सोंग वठवतो आणि घरी येऊन कोसळतो. त्या कोसळण्यालाही आपण आळसच म्हणतो.

आपल्याकडे कायदा नव्हता, असेही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता मान्य केली. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणातला एक टक्का बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्याबरोबर त्यांच्याही वाट्याला ठेवला, तर समान संधीचे धोरण जाहीर करणे खासगी आस्थापनांनाही बंधनकारक केले. पायऱ्यांशेजारचा रॅम्प आपल्याला कळतो, कारण तो दिसतो. लेखी सूचना, शांत कोपरा, आधी कळवलेले प्रश्न हाही तसाच हक्क आहे, हे अजून आपल्या गळी उतरलेले नाही. ते उतरेल, ज्या समाजाने मुलींसाठी शाळेची दारे उघडली, त्याला हे अशक्य नाही. उद्या कचेरीत गेल्यावर ते समान संधीचे धोरण मागून घ्या. नसेल तर लिहायला बसा, आणि ज्यांच्यासाठी ते लिहायचे त्यांना आधी शेजारी बसवून, त्यांना काय हवे ते विचारा.