जमीन ‘सरकारी’, मग माणसं कुणाची?

सैन्याला सरावासाठी जमीन लागते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बाबासाहेबांचे वडील सुभेदार, बाबासाहेबांचा जन्म महूच्या लष्करी छावणीतला, महार रेजिमेंट १९४१ ची. तेव्हा प्रश्न सैन्याचा नाही. जमीन देताना कुणाला मोजलं जातं आणि कुणाला वगळलं जातं, हा प्रश्न आहे.

अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव चालतो. २०२० मध्ये राहुरी, पारनेर, नगर तालुक्यांतल्या गावांनी तिच्या विस्ताराला विरोध केला. त्या बातम्यांत सातबारावाला शेतकरी दिसला. गायरान कसणारा भूमिहीन कुठे दिसला?

इथेच मेख आहे. खासगी जमीन घेतली तर ते ‘संपादन’. त्याला २०१३ चा कायदा लागतो आणि त्यात शेतमजूरही बाधित कुटुंबात धरला जातो. पण सरकारने स्वतःचीच जमीन दुसऱ्या खात्याला दिली, तर ते नुसतं ‘हस्तांतरण’. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत कागद गेला, विषय संपला. त्या जमिनीवर चूल पेटते, हे कागदाला माहीतच नसतं.

ही चूल मात्र फुकट पेटलेली नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ चे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. त्या लढ्याच्या वाटेवरच पुढे २८ नोव्हेंबर १९९१ चा गायरान नियमित करण्याचा शासन निर्णय आला.

कर्जत-खालापूरला याचं काय, असं विचाराल. आपल्याकडे कातकरी-ठाकूर वाड्या आहेत, दळी जमिनी आहेत, गायरानाच्या कडेला आपल्या वस्त्या आहेत. उद्या मागणी लष्कराची असो, धरणाची असो की कारखान्याची, हस्तांतरणाचा कागद सारखाच असतो.

झारखंडच्या नेतरहाटमध्ये आदिवासींनी जवळपास तीन दशकं लढा दिला. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने फायरिंग रेंजची मुदत वाढवली नाही. संघटित माणसाला मोजावंच लागतं.

म्हणून कार्यकर्त्यांनो, मोर्चाआधी तलाठी कार्यालय गाठा. गाव नमुना १-ई मध्ये आपल्या लोकांची नावं आहेत का, ते तपासा. दंडाच्या जुन्या पावत्या जपा, तो ताब्याचा पुरावा आहे. वनहक्काचे दावे लावा. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत हटवता येत नाही, असं २००६ चा कायदा सांगतो. ग्रामसभेत ठराव घ्या: आधी माणसं मोजा, मग जमीन.

देशाच्या रक्षणासाठी भूमिहीनानेच दरवेळी जागा सोडायची, तर त्या देशात त्याची जागा कोणती?

जय भीम!