नानकिंगने नाकारलेला तह

१९४९ च्या एप्रिलमध्ये नानकिंग सरकारने शांततेच्या करारावर सही केली असती तर यांगत्सेच्या दोन्ही तीरांवर दोन चीन सुखाने नांदले असते, असे कल्पनाचित्र अधूनमधून रंगविले जाते. रंगविणाऱ्यांनी कराराची कलमे मात्र वाचलेली दिसत नाहीत. ८ कलमे आणि २४ पोटकलमे यांत क्वोमिन्टांगच्या फौजांची पुनर्रचना, नोकरशाही भांडवलाची जप्ती व जमीनसुधारणा यांचा समावेश होता. पश्चात्ताप करणाऱ्या युद्धगुन्हेगारांना सौम्य वागणुकीचे आश्वासनही होते. फाळणीला त्यात जागाच नव्हती.

सही झाली असती तर काय घडले असते, याचा नमुना पेइपिंगने आधीच घालून दिला होता. जानेवारी १९४९ मध्ये फू त्सो-यी याने ते शहर शांततेने स्वाधीन केले. दोन लाखांहून अधिक सैनिक मुक्तिसेनेच्या व्यवस्थेत आले, शहराच्या ऐतिहासिक वास्तू वाचल्या, आणि हाच सेनापती पुढे जनता सरकारात जलसंधारण मंत्री झाला. नानकिंगचे शिष्टमंडळप्रमुख चांग चिह-चुंग यांनाही करार मान्य होता. सरकारने तो २० एप्रिलला फेटाळला तेव्हा ते पेइपिंगमध्येच राहिले.

पण ली त्सुंग-जेन यांच्या सहीला किंमत तरी किती? २१ जानेवारीला पायउतार झालेल्या चांग कै-शेकने सैन्यावरची पकड सोडली नव्हती, आणि तिजोरीतील सोने तैवानला हलविले जात होते. नदी कदाचित रक्त न सांडता ओलांडता आली असती. तैवानचा प्रश्न मात्र तसाच उरला असता.

खरी संधी गेली ती त्याआधी, १९४६ मध्ये. चुंगकिंगच्या वाटाघाटींत १९४५ सालीच कम्युनिस्टांनी दक्षिणेकडील ८ मुक्त प्रदेश सोडण्याची तयारी दाखविली होती. जानेवारी १९४६ च्या राजकीय सल्लागार परिषदेने संमिश्र सरकारचा ठराव केला. फेब्रुवारीच्या लष्करी समझोत्यात क्वोमिन्टांगच्या ५० डिव्हिजनांसमोर स्वतःच्या फक्त १० ठेवण्यासही कम्युनिस्टांनी मान्यता दिली. एवढी माघार घेणाऱ्या पक्षाला युद्धखोर ठरविणे हा इतिहासाशी उघड खोटेपणा आहे. मार्चमध्ये क्वोमिन्टांगच्या कार्यकारिणीने ते ठराव मोडीत काढले, जूनमध्ये सर्वंकष युद्ध पेटले. अमेरिका एका हाताने मार्शल यांची मध्यस्थी चालवीत होती, दुसऱ्या हाताने चांगच्या फौजांना शस्त्रे पुरवीत होती.

समझोता टिकला असता तरी खंड आणि सावकारी यांखाली पिचलेल्या शेतकऱ्याची जमिनीची भूक संमिश्र मंत्रिमंडळाने कशी भागविली असती, हा प्रश्न उरतोच. जमीनदारांच्या पाठबळावर उभा असलेला पक्ष त्या मंत्रिमंडळात निम्म्याने बसणार होता.